गव्यासाठी केलेला बंपर

एप्रिल सरत आला की आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला वारा पडतो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारी मतलई थांबलेली असते आणि समुद्रावरचा वारा अजून उठलेला नसतो. मधल्या त्या तास-दीड तासात माडाची एक पाती हलत नाही. सुकत घातलेल्या मासळीचा वास, झाडाखाली सडणाऱ्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास, डांबराचा वास, सगळे आपापल्या जागी उभे राहतात. कपाळ पुसावं आणि हात खाली येईपर्यंत ते पुन्हा ओलं व्हावं, असे ते दिवस. पर्यटकांच्या गाड्या याच दिवसांत येतात आणि याच दिवसांत त्या तापतात. मालवणच्या बाहेर, कसालकडे जाणाऱ्या रस्त्याला, मी तीस वर्षं रेडिएटर दुरुस्त करतो आहे. तापलेली गाडी मला वळणावर असतानाच आवाजावरून कळते.

परवा अशीच एक आली. चाकं मोठी, बॉडी उंच केलेली आणि पुढे छातीसारखा काढलेला काळा लोखंडी बंपर. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. चालवणारा उतरला, त्याने बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मी कसा धावलो ते मला आठवत नाही. मी त्याचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की त्याच्या कातडीवर माझ्या बोटांचे वळ उठले. इंजिन थंड होईपर्यंत मी ते सोडलं नाही. तो बिचारा मला वेडा समजला असणार. तो गेल्यावर मी पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. पाच वर्षांपूर्वीचा तो मोसम असा दरवर्षी येतो. वारा पडला की येतो.

आवार आम्हा दोघा भावांचं. डाव्या बाजूला माझं रेडिएटरचं काम, उजव्या बाजूला दादाचं वेल्डिंग. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने केलेली गेटं, जिने, होड्यांच्या मोटारींची स्टँडं अजून गावोगाव आहेत आणि एकाचाही सांधा सुटलेला नाही. लोखंडाच्या बाबतीत त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे कुणी काही सांगितलेलंही चालत नसे. मधल्या काही वर्षांत जीपगाड्यांना असे आडदांड बंपर लावायची टूम आली. कायद्याने चालत नाहीत, तरी गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत लोक लावत होते. दादाचे हात त्या कामात असे काही रमले की जेवायला बोलावलं तरी त्याच्या कटरचा आवाज थांबत नसे. ठिणग्यांचा फवारा माझ्या दारापर्यंत येई. माझ्या बनियनला बारीक भोकं पडलेली असत.

दिगंबर देवबागचा. वयाने आम्हा दोघांच्या मधला, म्हणजे माझ्याहून थोडा मोठा, दादाहून बराच लहान. होड्या विकून त्याने जीप घेतली होती आणि तो पर्यटकांना आंबोलीला वगैरे नेई. त्या मोसमाआधीच्या डिसेंबरात, भल्या सकाळी, घाटाच्या पायथ्याशी त्याच्या गाडीवर गवा आला. दिगंबर सांगे, तो रस्ता ओलांडत नव्हता, तो गाडीवरच आला. डोकं खाली घालून. समोरची जाळी फोडून त्याचं शिंग रेडिएटरमध्ये घुसलं आणि तिथेच अडकलं. गवा मान झटके, आणि प्रत्येक झटक्याला जीप उचलली जाऊन आपटे. आत दिगंबर स्टिअरिंगला मिठी मारून. शेवटी शिंग मुळाशी मोडलं. जनावर रस्त्याकडेला जाऊन पडलं आणि पाय झाडत राहिलं. ते थांबेपर्यंत पाऊण तास लागला. तेवढा वेळ हा दगडावर बसून ते बघत होता. ते फाटलेलं रेडिएटर माझ्याकडेच आलं. त्यात अडकलेला शिंगाचा तुकडा मी पक्कडीने काढला, त्याला केस आणि मांस चिकटलेलं होतं.

त्यानंतर दिगंबर दादाकडे गेला. त्याला काय हवं होतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. ‘‘गवो परत इलो तर तो मरूक व्हयो, मी न्हय.’’

दादाने तो बंपर महिनाभर केला. जाड पत्रा, त्याच्यामागे लोखंडी चॅनल, वर पाइपाची कमान. मधोमध विंच, म्हणजे अडकलेली गाडी तारेच्या दोराने ओढून काढणारं चक्र, नारळाच्या गोणीएवढं. त्याच्या वर चार दिवे. बसवला त्या दिवशी दादाने घण घेतला आणि सगळ्यांसमोर त्यावर तीन घाव घातले. आवाज समोरच्या शाळेपर्यंत गेला. बंपरला खरचटलंसुद्धा नाही. दिगंबर त्याच्यावर हात फिरवत राहिला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. मला आठवतं, मलाही तो सुंदर वाटला होता.

मार्च संपताना दिगंबर ती गाडी घेऊन माझ्याकडे आला. गाडी तापते म्हणाला. सपाटीवर नाही, चढावर, एसी लावला की. मी रेडिएटर उतरवलं. स्वच्छ होतं, तीनच महिन्यांपूर्वीचं नवं. पंखा ठीक, पंप ठीक. मग मी एक जुनी रीत केली. इंजिन चालू ठेवून वहीचा कागद गाडीच्या तोंडासमोर धरला. पंखा मागून हवा ओढत असतो, त्यामुळे कागद जाळीला जाऊन चिकटायला हवा. कडेला, गाडीच्या मूळ दिव्यांच्या बाजूला, तो अर्धामुर्धा ओढला गेला. मधोमध, विंचच्या समोर, तो नुसता लोंबत राहिला. आणि खाली एका जागी तो आत जायच्या ऐवजी माझ्याकडे ढकलला गेला. मी हात लावून बघितला. आतली गरम हवा पुढे येत होती आणि तीच हवा पंखा पुन्हा आत ओढत होता.

असं का व्हावं ते मला दुपारी कळलं. दादाच्या भंगारात काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पडल्या होत्या. कंपनीने जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बसवलेल्या असतात त्या. समोरून आलेली हवा इकडेतिकडे पळू नये, रेडिएटरमधूनच जावी, एवढंच त्यांचं काम. बघणाऱ्याला त्या कचरा वाटतात. बंपर बसेना म्हणून दादाने त्या कापून फेकल्या होत्या.

मी त्या हातात घेऊन त्याच्याकडे गेलो. शांतपणेच गेलो होतो. म्हटलं, दादा, ह्यो बंपर काढूक व्हयो, नायतर मधे कापूक व्हयो. विंच खाली घे, ह्या पट्ट्या परत बसय. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. दादाने हातमोजे काढले. माझी मान मागून धरली, मला ओढत जीपपर्यंत नेलं आणि माझं तोंड त्या बंपरवर दाबलं. उन्हात उभी गाडी, काळं लोखंड. गाल भाजल्याचा वास मला स्वतःला आला.

‘‘बघ, खंय अडाकता हवा,’’ तो म्हणाला. ‘‘दाखय माका.’’

मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. घरी बायको, कॉलेजात जाणारी मुलगी. दादाने मला लहानपणीही असं मारलं नव्हतं. गालावर कमानीच्या पाइपाचा पट्टा उठला होता. मी तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागलो. दिगंबर चार वाजता गाडी न्यायला आला तेव्हा माझ्या डोक्यात जे होतं, ते मी पुढे किती दिवस कुणाला सांगितलं नाही. मी गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून ठेवला होता. त्याने तापमानाचा काटा सपाटीवर खाली राहतो, दुखणं बरं होत नाही, फक्त उशिरा दिसतं. आणि मी त्याला म्हणालो, ‘‘रेडिएटर साफ आसा. काटो चढलो तर पाणी बघ.’’

बंपरचा शब्द मी काढला नाही. मला वाटत होतं, उकळू दे. भर रस्त्यात, चार लोकांसमोर उकळू दे आणि ती दुसऱ्या गाडीमागे दोराने ओढत दादाच्या दारात येऊ दे. माणूस आत असतो हे त्या रागात मला दिसलं नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण दिसलं होतं. मी त्यावरून नजर काढून घेतली.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते झालं. गाडीत पाच जणांचं कुटुंब, त्यात एक म्हाताऱ्या बाई, त्यांना एसी बंद केलेला सहन होईना. घाटाच्या अर्ध्यावर काटा लाल रेघेवर गेला. दिगंबरने गाडी कडेला घेतली. वेळ दहा-साडेदहाची, पानही हलत नव्हतं. मंडळी घाई करत होती. रेडिएटर साफ आहे हे त्याला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. म्हणजे पाणीच कमी झालं असणार. त्याने फडकं ओलं करून झाकणावर ठेवलं आणि उजव्या हाताने पिळलं.

उकळतं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की ते बाहेर वाहत नाही, ते उडतं. मी तीस वर्षं हे जाणतो. चेहऱ्याची उजवी बाजू, गळा, छाती, काख, आणि तो हात कोपरापर्यंत. तो मागे पडला तेव्हा मागे दरी होती. कठडा होता म्हणून राहिला. सोबतच्या लोकांनी सांगितलं, तो ओरडत नव्हता. तो शर्ट काढायचा प्रयत्न करत होता, आणि शर्टाबरोबर दुसरंही काही निघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा थोरला भाऊ राजन देवबागहून टेम्पो घेऊन आला. बरोबर चौघं. त्यांच्या हातात होडीत बसायच्या फळ्या होत्या आणि एकाकडे लोखंडी सळई. दिगंबरला नेलं होतं त्या गोव्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना काहीतरी सांगितलं होतं, कुणीतरी बंपरचं नाव घेतलं होतं. दादा अर्धवट झालेल्या गेटावर वाकला होता. त्याला वळायलाही वेळ मिळाला नाही. पहिली फळी पाठीत बसली. मग ते मारत राहिले. दादा हात वर करत नव्हता. पहिल्या दोन फटक्यांनंतर त्याला कळलं होतं, ते कशासाठी आले आहेत. त्यांनी त्याचा उजवा हात ऐरणीवर धरला आणि सळईने मनगटावर मारलं. तो आवाज मी ऐकला. मी माझ्या दारात उभा होतो.

मी तिथे किती वेळ उभा होतो, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढं खरं की माझ्या आतल्या एका माणसाला बरं वाटत होतं. मग दादाने मान वळवली आणि त्याला मी दिसलो. त्याने माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी त्याला सावध केलं होतं हे सांगून तो मलाही ओढू शकला असता, किंवा मीच गाडी ठीक आहे म्हणालो हे सांगून स्वतः सुटू शकला असता. त्याने डोळे मिटून घेतले, एवढंच.

मी पुढे गेलो. ‘‘दादाक सोडा,’’ म्हटलं. ‘‘बंपरामुळे तापता ता माका म्हायत होता. तरी गाडी ने म्हणान मिया सांगलंय.’’

राजन थांबला. त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगून होण्याआधीच माझे पुढचे दोन दात गेले. खाली पडल्यावर पायांनी मारतात, तेव्हा माणूस गुडघे पोटाशी घेतो. मी घेतले नाहीत, कारण मला वाटलं, स्वतःला वाचवायचा हक्क आपल्याला नाही. पण तिसऱ्या लाथेला ते आपोआप आले. तीन बरगड्या मोडल्या. वहिनी घरातून धावत आल्या आणि दोघांच्या मध्ये आडव्या पडल्या तेव्हा ते गेले.

पोलिसांत कुणीच गेलं नाही. दादाने इस्पितळात शिडीवरून पडलो म्हणून सांगितलं, मीही तेच सांगितलं. दोघे एकाच शिडीवरून. डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. शेजारशेजारच्या खाटांवर आम्ही दोन दिवस होतो, आणि त्या दोन दिवसांत दादा मला एकच गोष्ट बोलला. त्याने माझ्या गालावरचा पट्टा बघून विचारलं, ह्या तेव्हाचा काय. मी हो म्हटलं. तो भिंतीकडे वळला. वेल्डिंग पुन्हा सुरू करायला त्याला सात महिने लागले, आणि आता त्याची रेघ पूर्वीसारखी सरळ जात नाही. बंपर तो अजूनही करतो, पण मधला भाग उघडा ठेवून, विंच खाली घेऊन, आणि गाडीतून काढलेलं प्लॅस्टिक पुन्हा जागेवर बसवून. झाल्यावर तो स्वतः वहीचा कागद घेऊन माझ्या दारात येतो. आम्ही दोघं मिळून कागद धरतो.

दिगंबर तीन आठवड्यांनी घरी आला. मी जूनच्या सुरुवातीला देवबागला गेलो. होड्या वर ओढून झावळांनी झाकलेल्या होत्या, समुद्र गढूळ होऊन खाडीच्या बाजूला घुसू बघत होता. राजन अंगणातच होता. त्याने मला बघितलं आणि वाटेतून बाजूला झाला. दिगंबर आत पलंगावर, उघड्या अंगाने. डोळा वाचला होता, पण पापणी आखडून खाली ओढली गेली होती. मांडीची कातडी काढून गळ्याला आणि काखेला लावली होती. गुलाबी, चकचकीत, आणि आवळलेली. उजवा हात छातीपासून वीतभरही वर जात नव्हता.

त्याने मला विचारलं, पाणी बघ म्हणून मीच सांगितलं होतं ना. मी हो म्हटलं.

‘‘बंपर काढ म्हणान सांगलस कित्याक नाय?’’

‘‘दादाचो राग इल्लो,’’ मी म्हणालो. ‘‘तुझी गाडी उकळूक व्हयी आणि तेना ती बघूक व्हयी, असा वाटला माका.’’

दिगंबरची बायको संजना तेलाची वाटी घेऊन आली. इस्पितळातून सांगितलं होतं, कातडी आखडू नये म्हणून कुणीतरी धरून तो हात रोज वर न्यायचा, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा, कितीही दुखलं तरी, आणि हात मोकळा झाला की मग मानही तशीच ताणायची. तिने हात धरला. तो खांद्यापर्यंतही पोचला नव्हता, तोच त्याच्या तोंडून असा आवाज आला की तिचे हात सुटले. तिने पुन्हा धरला, पुन्हा सुटले. तिसऱ्या वेळी ती वाटी तिथेच ठेवून मागच्या दारी गेली आणि आम्हाला तिचं रडणं ऐकू आलं. राजनलाही जमत नाही, दिगंबर म्हणाला. तो तर बघतसुद्धा नाही. मग त्याने माझ्याकडे त्या ओढलेल्या डोळ्याने बघितलं.

‘‘तू कर. तुका माझी दया येवची नाय.’’

मी तेल लावलं. त्याचा हात मनगटाशी आणि कोपराशी धरला आणि वर नेला. काखेतली कातडी दोरीसारखी ताठ झाली. तो ओरडला, मी थांबलो नाही. त्याने मला शिव्या दिल्या, माझ्या आईला दिल्या, मी मोजत होतो. सहाव्याला कातडी एका जागी फाटली आणि रक्ताची बारीक धार माझ्या बोटांवर आली. अकराव्याला त्याने डाव्या हाताने माझे केस धरले. मी वीस केले. संध्याकाळी पुन्हा वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो, आणि तो पूर्ण पावसाळा मी रोज दोनदा गेलो. वादळात तारकर्लीकडचा रस्ता बंद झाला त्या दिवशी चालत गेलो. माझ्या बरगड्या दुखत, त्याची काख दुखे. दया आली नाही असं नाही. पहिल्या दिवसापासून येत होती. ती हातात उतरू द्यायची नाही, एवढंच मी शिकलो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी त्याचा हात खांद्याच्या वर नेला आणि कानाजवळ आणून सोडला. तो खाली आला नाही. तिथेच राहिला, आपल्या जोरावर, थरथरत. दिगंबर त्या हाताकडे बघत होता, मीही बघत होतो. मग त्याने तो उघडा पंजा माझ्या तोंडावर मारला. अंगात होता तेवढा सगळा जोर लावून. मी पलंगाच्या दांडीवर आपटलो. माझा ओठ फुटला. संजना चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

दिगंबर धापा टाकत होता. घामाने त्याची नवी कातडी चमकत होती. मग त्याने हात मांडीवर ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि मान पुढे झुकवली.

‘‘मान रवली हा अजून,’’ तो म्हणाला.

मी ओठाचं रक्त बाहीला पुसलं, तेलाची वाटी ओढली आणि त्याच्या मानेवर दोन्ही हात ठेवून मोजायला सुरुवात केली.